दुपट्याच्या आतला दोरा

मी दुपटं बोलतंय. चौकोनी, मऊ आणि गरजेपेक्षा चौपट मजबूत. यात माझा दोष नाही. मला शिवणाऱ्या आजीचा उभा जन्म कारखान्यात धान्याच्या गोण्या शिवण्यात गेला.

लेकीचे दिवस भरत आले तसा आजीने आपला जुना सुती गाऊन उसवला, धुतला आणि त्याचे दोन पदर एकावर एक ठेवून मला शिवायला घेतलं.

"आई, विकतचं आणू की. कशाला डोळे फोडतेस?" लेक म्हणाली.

"विकतच्याची शिवण बघितलीस? फुंकर मारली तर उसवेल!"

गोणी शिवणाऱ्या बायकांचा एक नियम असतो. गाठीपुढे वीतभर दोरा सोडायचा, म्हणजे ओझ्याने शिवण सुटत नाही. आजीने माझ्या कोपऱ्यालाही तसाच दोरा सोडला आणि आतल्या बाजूला वळवला. गोणीतल्या धान्याला बोटं नसतात, हे तिच्या ध्यानातच आलं नाही.

बाळ घरी आलं. आजीने त्याला न्हाऊमाखू घातलं आणि माझ्यात गुंडाळलं. पाय झाडता झाडता तो दोरा त्याच्या पायाच्या करंगळीभोवती फिरला. मला लगेच कळलं. पुढच्या लाथेसरशी आणखी एक वेढा बसला.

बाळ किंचाळलं. लेकीने पाजायला घेतलं, त्याने तोंड फिरवलं. "पोटात वारा धरला असेल," म्हणत आजीने पाठ थोपटली, पोट चोळलं. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं सगळं चाललं होतं. माझा जीव टांगणीला लागला होता.

"सैल झालंय गं. घट्ट गुंडाळलं की बाळं निवांत होतात." आजीने गोणीचं तोंड आवळावं तसं मला आवळलं. दोरा आणखी रुतला. मी काय करणार? कापडाला ओरडता येत नाही. त्या दोऱ्याचा मला असा संताप आला म्हणून सांगू! पण तो माझाच होता.

रडता रडता बाळाचा आवाज बारीक झाला.

"बघ, दमलं. झोपेल आता."

लेकीच्या तोंडचं पाणी पळालं. "आई, हे रडणं झोपेचं नाही. सोड त्याला."

"अगं, गारठेल."

"सोड म्हणते ना!" तिने स्वतःच मला ओढून उघडलं.

करंगळी जांभळी पडली होती. आजीने दोरा ओळखला आणि ती पांढरीफटक झाली. "पाय घट्ट धर," एवढंच म्हणाली. सुईची नेढ्याकडची बोथट बाजू तिने दोऱ्याखाली सरकवली, दोरा जरासा उचलला आणि कात्रीचं टोक आत घातलं. दोरा तुटला, पण करंगळी जांभळीच राहिली. दोघी श्वास रोखून बघत बसल्या. कितीतरी वेळाने कडेला गुलाबी रंग दिसला.

लगोलग दवाखाना गाठला. डॉक्टरांनी भिंगातून बोट पाहिलं. दोऱ्याचा तुकडा राहिला नव्हता. "उशीर झाला असता तर बोट गेलं असतं," ते म्हणाले.

घरी आल्यावर आजी दाराशीच बसली. "माझ्या हातात नको देऊस त्याला."

"सोडवलं कोणी? तुझ्याच हातांनी ना? धर. मला भूक लागलीय." लेकीने बाळ तिच्या मांडीवर ठेवलं आणि आजीला रडू फुटलं.

आता माझ्या प्रत्येक गाठीपुढचा दोरा कातरलेला आहे. वापरण्याआधी दोघी मला उलटं करून बोट फिरवतात. मला गुदगुल्या होतात, पण मी तक्रार करत नाही.

तुमचं बाळ रडायचं थांबत नसेल तर त्याला आवळू नका, आधी मला उघडा. मला कितीही मायेने शिवलेलं असलं, तरी माझ्यावर विश्वास ठेवू नका.