सर्व्हरचा शुक्रवारचा उपास

सर्व्हरच्या खोलीबाहेर इतकी गर्दी होती, की बाळंतिणीचं स्ट्रेचर पुढे नेता येईना. नर्स, शिपाई, पेशंटांचे नातेवाईक, सगळे टाचा उंचावून आत बघत होते. आत एम्बाह सार्पिन आमच्या यंत्रावर पिवळ्या भाताचा शंकू ठेवून लवंगेच्या सिगारेटचा धूर सोडत होता. एम्बाह म्हणजे आजोबा. बुवाचं वय जेमतेम पंचेचाळीस.

"दोन शुक्रवार झाले, यंत्र एकदाही बंद पडलं नाही. कुणामुळे?"

"तुमच्यामुळे, एम्बाह!"

"छे छे, उपासामुळे! यंत्राला मी शुक्रवारचा उपास धरायला लावला. सूर्य मावळेपर्यंत जड काम बंद. पोटात बसलेलं भूत उपाशी मेलं!"

या महापुरुषाने सर्व्हरच्या डिलिव्हरी चलनावरची तारीख बघून त्याचा जन्मवार काढला होता आणि कर्मचाऱ्यांच्या जन्मवारांशी जुळवून पाहिला होता. आमच्या जावा बेटावर लग्नाआधी जुळवतात, तसा. एकीचा जुळला नाही. वुर्यानी, नोंदणीतली, कंत्राटावरची. नवरा वारलेला, दोन मुलं. सहा शुक्रवार यंत्र पडलं आणि सहाही वेळा जवळ ती एकटीच होती. भूत तिनेच आणलं, झाला गुन्हा सिद्ध! तिला काढून टाकण्याच्या पत्रावर त्या दुपारी संचालक हर्तोनोसाहेबांची सही व्हायची होती.

नर्स तिच्या हातचा चहा घेईनात. भूत लांब राहावं म्हणून शिपाई तिच्या वाटेवर मीठ टाकी. एका बाईने तर तिचा हात लागलेला केसपेपर फाडून नवा मागितला. मी रुग्णालयाचा संगणकवाला. सगळं बघत होतो आणि गप्प होतो.

वुर्यानी दारात आली. "साहेब, सही खुशाल करा. पण आधी मी इथे बाहेर, सगळ्यांसमोर उभी राहते. आत एम्बाह राहू देत. आणि दादा, तुम्ही शुक्रवारचा बॅकअप चालू करा."

"उपास मोडेल!" एम्बाह किंचाळला.

"मोडू दे की. तुम्ही आहात ना आत? का भूत तुम्हालाही जुमानत नाही?"

गर्दीत कोणीतरी खिदळलं. हर्तोनोसाहेबांनी मला खूण केली.

हा बॅकअप म्हणजे सगळ्या नोंदींची नक्कल. ती मीच शुक्रवारी दुपारी लावली होती, कारण तेव्हा पुरुष नमाजाला जातात आणि काम थंडावतं. म्हणजे यंत्रावर सगळ्यात जास्त भार त्याच वेळी, आणि मागे राहणारी वुर्यानीही त्याच वेळी. भुताचं वेळापत्रक माझ्या हातचं होतं!

सातव्या मिनिटाला संगणकाचा पडदा निळा झाला आणि यंत्र बंद पडलं. एम्बाहने खांद्यावरचं पांढरं कापड झटकन पडद्यावर टाकलं. "बघू नका, डोळे जातील!"

"उचला ते," साहेब म्हणाले.

निळ्या पडद्यावर एका फाइलचं नाव होतं. वुर्यानीने ते बाहेरूनच, न बघता, अक्षर न् अक्षर सांगितलं. "पहिल्याच आठवड्यात मी हे दादांना लिहून दिलं होतं. ते म्हणाले, ताई, तू आपले केसपेपर सांभाळ."

सगळे माझ्याकडे वळले. मग बोलावंच लागलं. डिस्क ज्याला जोडतात ते कार्ड मी दोन महिन्यांपूर्वी बदललं होतं, पण ते चालवणारा प्रोग्रॅम, म्हणजे ड्रायव्हर, मात्र जुनाच ठेवला होता. पडद्यावरचं नाव त्याच ड्रायव्हरच्या फाइलचं. किरकोळ कामात तो निभावून नेई. भार वाढला, की मागण्या हरवून बसे. डिस्ककडून उत्तर येईना, की ऑपरेटिंग सिस्टीम हात टेकी. उपासात बॅकअप बंद, म्हणून पडणंही बंद. आणि त्या दोन आठवड्यांत पेशंटांच्या नोंदींची एकही नक्कल निघाली नव्हती, ही चमत्काराची किंमत.

कार्डाचा योग्य ड्रायव्हर घालायला अर्धा तास लागला. बॅकअप शेवटपर्यंत चालला, शेजारी खुर्चीवर वुर्यानी बसलेली. एम्बाह केव्हाच सटकला होता, भातासकट.

साहेबांनी पत्र फाडलं. "झालं गेलं विसर. उद्या कामावर ये."

"येते. पोरांना खायला घालायचंय. पण साहेब, मला ते नाव वाचता आलं म्हणून मी वाचले. पुढच्या वेळी जिला वाचता येणार नाही, तिला काढणार का?"



म्हणून सांगतो, लोकहो. यंत्र पडलं तर काय बदललं ते विचारा, भार कधी वाढतो ते बघा, एकेक शक्यता तपासा. जवळ कोण बाई होती, हे विचारू नका. मला खरं कारण तिच्या चिठ्ठीवरूनच कळलं होतं. माझी चूक झाकायला एक विधवा मिळत होती, म्हणून मी भूत चालू दिलं.