चिठ्ठी माझ्याच कव्हरात होती

मित्रांनो, मी एक जुनी माहितीपुस्तिका आहे. गोष्टींची नाही आणि चित्रांची तर नाहीच. बेचाळीस पानं, दोन पिना, पिवळसर मुखपृष्ठ आणि त्यावर ठसठशीत अक्षरांत छापलेलं 'शिक्षक परवान्यासाठी पात्रता : पहिली ते आठवी'. तुमच्यापैकी कुणी मला आपणहून हातात घेणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी आज थोडं ऐका. हे सांगताना माझी मान वर होत नाही, पण गप्प राहून काय होतं ते मी एकदा पाहिलं आहे. पुन्हा पाहायचं नाही.

माझा जन्म छापखान्यातला. परवाना मंडळाने माझ्या दोन हजार बहिणी एकाच आठवड्यात छापून घेतल्या आणि शाई नीट वाळायच्या आत आम्हाला गठ्ठे बांधून गावोगाव पाठवलं. मी एका सार्वजनिक वाचनालयात आले आणि दाराशेजारच्या मांडणीवर उभी राहिले. तोरा काय विचारता! शेजारच्या कादंबऱ्या लोकांना रडवायच्या, हसवायच्या. पण शिक्षक कसं व्हायचं ते सांगणारी तिथे मी एकटीच होते. चार वर्षांची पदवी हवी. त्यात लहान मुलांच्या मनाचा अभ्यास, वाचायला शिकवण्याची पद्धत, आणि दोन विषय अगदी खोलात जाऊन केलेले हवेत. सोळा आठवडे खऱ्या वर्गात उभं राहून सराव-पाठ घ्यायला हवेत. मग परवान्याची परीक्षा. हे सगळं माझ्या सतराव्या पानावर ओळीने छापलेलं होतं आणि त्या पानाचा मला फार अभिमान होता.

चूक नेमकी त्याच पानावर होती. 'सराव-पाठ : सोळा आठवडे, कोणत्याही इयत्तेत' असं तिथे छापून गेलं होतं. मंडळाच्या लक्षात आलं तेव्हा आम्ही सगळ्या आपापल्या जागी पोचलो होतो. मग मंडळाने प्रत्येकीसाठी दोन बोटं रुंदीची एक चिठ्ठी पाठवली. 'कोणत्याही इयत्तेत' याऐवजी 'आठ आठवडे पहिली ते पाचवीत व आठ आठवडे सहावी ते आठवीत' असे वाचावे, एवढंच त्या चिठ्ठीवर होतं. पान सतरावर डकवायची आणि मोकळं व्हायचं.

आमचे ग्रंथपालकाका टापटिपीचे. पुस्तकाचा कोपरा दुमडलेला दिसला की घरचं कुणी आजारी असल्यासारखा चेहरा करायचे. त्यांनी चिठ्ठी माझ्या पानात ठेवली आणि डिंकाची बाटली उघडली, तर डिंक वाळून खडा झालेला. 'उद्या आणू' असं पुटपुटत त्यांनी मला बाजूला ठेवलं. पण नोंदवही समोर उघडीच होती, म्हणून तिच्यात 'चिठ्ठी लावली' अशी खूण करून टाकली.

दुसऱ्या दिवशी डिंक आला, पण त्याआधी खाकी कागदाचं भेंडोळं आलं होतं. काका पुस्तकांना कव्हरं घालायला बसले. त्यांनी मला कागदावर पालथं धरलं, तेवढ्यात कुणीतरी वर्तमानपत्र मागितलं आणि ते मान वळवून बोलू लागले. चिठ्ठी पानातून सुटून कागदावर पडली. हाताला सवय होती, हाताने घडी घातली, कडा दाबल्या. चिठ्ठी माझ्या पाठीशी बंद झाली.

मला ते कळलं होतं. खोटं कशाला बोलू? पण नवीन कव्हर अंगावर आलं होतं, काका मला दूर धरून 'वा, काय देखणी दिसतेय!' म्हणत होते, आणि मी त्या कौतुकात विरघळून गेले. पाठीला काहीतरी टोचतंय याकडे मी लक्ष दिलं नाही.

पुढच्या वर्षी एका शनिवारी दुपारी ती आली. शाळेच्या आवारात एक पाळणाघर होतं, तिथे ती सात वर्षं मदतनीस होती. मुलांची नाकं पुसायची, चपलांच्या जोड्या लावायची. सगळे तिला पाळणाघरातली ताई म्हणत. सोबत तिची लेक होती, दुसरीत शिकणारी. ताईने लेकीच्याच वहीतला कागद घेतला आणि माझं सतरावं पान शब्दन् शब्द उतरवून काढलं. संध्याकाळच्या कॉलेजात नाव घालायचं तिने ठरवलं होतं.

"किती वर्षं लागतील गं, आई?" लेकीने विचारलं.

"चार."

लेकीने बोटं मोजली. "म्हणजे मी सहावीत जाईन तेव्हा तू आमच्या वर्गावर येशील?"

"तुझ्या वर्गावर आले ना, तर सगळ्यात आधी तुझं अक्षर सुधारणार आहे," ताई म्हणाली. दोघी इतक्या हसल्या की काकांना 'शू' करावं लागलं.

तो कागद त्यांच्या स्वयंपाकघरातल्या कपाटावर चिकटवलेला होता. एकेक विषय पार पडला की लेक त्यावर लाल खूण करायची. दर वर्षी एकदा ताई तो कागद घेऊन यायची आणि माझ्याशी ताडून बघायची. इतका विश्वास माझ्यावर आजवर कुणी टाकला नव्हता.

तिसऱ्या वर्षी कॉलेजचा फॉर्म आला, तो घेऊन दोघी वाचनालयात माझ्यापाशी आल्या. सराव कोणत्या शाळेत करणार, एवढंच त्यात विचारलं होतं. पाळणाघराशेजारीच प्राथमिक वर्ग होते, तेच तिने लिहायचं ठरवलं.

"कॉलेजात एकदा विचारून बघ ना," लेक म्हणाली.

"त्यात विचारायचं काय? छापलंय की पुस्तकात. उगाच त्यांना वाटायचं, हिला साधं वाचताही येत नाही."

मित्रांनो, त्या क्षणी चिठ्ठी माझ्या पाठीला टोचत होती. आणि मी काय केलं असेल? ताठ उभी राहिले. छापलंय की पुस्तकात, हे वाक्य मला फार गोड लागलं. पुस्तकाला बोलता येत नाही हे खरं. पण त्या दिवशी मला बोलावंसंही वाटलं नाही, याची लाज अजून जात नाही.

ताईने सोळाच्या सोळा आठवडे तिसरीच्या वर्गावर काढले. पदवी मिळाली. परीक्षाही ती पास झाली. कागदावरच्या सगळ्या ओळी लाल झाल्या. मुख्याध्यापिकांनी तिला बोलावून सांगितलं, "सहावीची जागा रिकामी होतेय. प्राथमिकच्या जागा भरलेल्या आहेत, पण ही मी शाळा उघडेपर्यंत तुझ्यासाठी धरून ठेवते. तू फक्त परवाना आण."

परवाना आला, तो पहिली ते पाचवीपुरता.

त्या शनिवारी ताई वाचनालयात आली तेव्हा तिच्या एका हातात तो परवाना होता, दुसऱ्या हातात लाल खुणांचा कागद, आणि मागे लेक. मंडळाच्या खिडकीवर तिला सांगितलं होतं की वरच्या वर्गांतले आठ आठवडे झालेले नाहीत, नियम पुस्तिकेत आहे, चिठ्ठी लावलेली आहे.

काकांनी नोंदवही काढली. "ताई, ही बघा खूण. चिठ्ठी मी स्वतः लावलीय. तुम्ही घाईत वाचलं असेल."

"काका, मी चार वेळा येऊन वाचलंय."

काकांनी मला उघडलं. सतराव्या पानावर चिठ्ठी नव्हती. त्यांनी पानावरून बोट फिरवलं आणि त्यांचा आवाज बदलला. "मग कुणीतरी काढलेली दिसतेय. हे पुस्तक तुमच्याशिवाय फारसं कुणी घेत नाही."

ताईचा चेहरा उतरला. चार वर्षांच्या कष्टांनंतर तिच्या वाट्याला हे आलं होतं, लेकीच्या देखत चोरीचा संशय. ती एवढंच म्हणाली, "मी नाही काढली, काका." मी तिथेच टेबलावर पडले होते. पुरावा माझ्या अंगावर होता आणि मी मेली ढिम्म पडून होते.

लेकीने मला हातात घेतलं. आईसाठी भांडायची तिची तयारी होती, पण शब्द सापडत नव्हते, म्हणून ती नुसतीच माझ्या पाठीवरून अंगठा घासत होती. अंगठा थांबला.

"आजोबा, इथे आत काहीतरी आहे."

काकांनी कव्हर फाडलं. चिठ्ठी टेबलावर पडली. इतकी वर्षं अंधारात राहून ती नव्यासारखी पांढरीशुभ्र होती. काकांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला आणि ती ओळ वाचली. मग ते खुर्चीवरून उठून उभे राहिले.

"ताई, चूक माझी आहे. आणि वर मी तुमच्यावर आळ घेतला. मला बोला काय बोलायचं ते."

लेकीचा हात धरून ताई बाहेर गेली.

काका सोमवारीच तिच्यासोबत मंडळात गेले, लेखी कबुली घेऊन. तिथल्या साहेबांनी सगळं ऐकलं, हळहळले, पण सहावीच्या वर्गात उभं न राहता सहावीचा परवाना देता येत नाही म्हणाले. त्यांचंही चूक नव्हतं. त्या वर्षीची सरावाची यादी भरली होती, म्हणून आठ आठवडे पुढच्या वर्षी झाले. तोवर सहावीची जागा दुसऱ्या कुणाला गेली. पुढची जागा निघायला आणखी एक वर्ष गेलं. या दोन वर्षांत ताई पाळणाघरात चपलांच्या जोड्या लावत होती आणि लेक सहावीतून सातवीत, सातवीतून आठवीत गेली.

चिठ्ठी सापडली त्याच आठवड्यात काकांनी वाचनालयातलं एकूणएक कव्हर काढलं होतं. तीन बसची तिकिटं, एक पोस्टाचं पत्र आणि कुणाचा तरी दवाखान्याचा कागद निघाला. मग माझी नवी आवृत्ती आली आणि मला रद्दीत टाकायचं ठरलं. मला ते रास्तच वाटलं. पण ताई आली आणि तिने मला मागून घेतलं.

"कशाला गं, आई? हिच्यामुळेच तर..." लेक म्हणाली.

"असू दे. माझ्या वर्गात ठेवीन."

आता मी सहावीच्या वर्गात असते, ताईंच्या टेबलावर. हो, आता सगळे त्यांना बाई म्हणतात. त्यांनी चिठ्ठी स्वतःच्या हाताने सतराव्या पानावर डकवली आहे. मधल्या सुट्टीत लेक दाराशी येते. तिचं अक्षर अजून तसंच आहे म्हणे. तिच्या आईने शिकवलेल्या वर्गात तिला एक दिवसही बसता आलं नाही, आणि ती दाराशी उभी राहिली की मला माझी पानं मिटून घ्यावीशी वाटतात. परवा ती आत आली, मला उचललं, उघडून ती चिठ्ठी वाचली आणि पुन्हा जागेवर ठेवलं. फेकून दिलं असतं तर बरं वाटलं असतं.

वर्षाच्या पहिल्या दिवशी तुम्ही नवी पुस्तकं घेऊन कव्हरं घालायला बसता. तेव्हा बाई तुम्हाला काय सांगतात, आठवतंय? पुस्तक पाठीला धरा, उलटं करा आणि आधी जोरात झटका. तुम्ही खोखो हसता, पुस्तकं फडफडवता, सगळ्या वर्गात गोंधळ होतो. बाईही हसतात. का झटकायचं, ते त्यांनी कधीच सांगितलं नाही, कारण त्यांना मला तुमच्यासमोर खाली पाहायला लावायचं नाही.

म्हणून मीच सांगितलं. मित्रांनो, आम्हाला कव्हरं जरूर घाला. पण आधी झटकून बघा. आणि छापलेलं वाचूनही मनात शंका आली, तर लाजू नका, विचारा. कुणी हसलं तर हसू द्या. ताईंनी विचारलं असतं तर त्यांची लेक दोन वर्षांपूर्वी इथे बसली असती, खिडकीजवळच्या दुसऱ्या बाकावर. ती जागा तिने दुसरीत असतानाच ठरवून ठेवली होती.