तिरक्या कोपऱ्याचं कपाट

"एकही नाही? फ्रिज, मोबाईल... हप्त्यावर कधीच काही घेतलं नाही?" बँकेतल्या बाईंनी पुन्हा विचारलं.

"नाव नको!" म्हातारा सुतार खुर्चीत ताठ बसला. "चहासुद्धा उधार प्यायलो नाही मॅडम. गल्लीत मला रोखीवालाच म्हणतात. विचारा हिला."

शेजारी बसलेल्या लेकीने मान खाली घातली. घर ती घेत होती. दवाखान्याच्या लॅबमध्ये रक्त तपासायची नोकरी, पगार वेळेवर, पण घराच्या मानाने तोकडा. कर्जाला आणखी एक नाव जोडा, असं बँकेने सुचवलं होतं. बापाला वाटलं, हात्तिच्या, एवढंच ना? अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात. याने तर जन्मभर पाय पोटाशीच धरले. असा जामीन बँकेला दिवा घेऊन शोधूनही मिळाला नसता. म्हणून तर आज इस्त्रीचा शर्ट घालून स्वारी आली होती.

बाई भल्या होत्या, त्यामुळे त्यांनाच सांगणं जड गेलं. "काका, कर्ज घेऊन फेडलं की आमच्याकडे त्याची नोंद राहते. तुमच्या नावावर काहीच दिसत नाही. वयही झालंय, ठरलेली मिळकत नाही. तुमचं नाव जोडून हिचं कर्ज वाढणार नाही."

"म्हणजे उधारी करणारा साव, अन् न करणारा चोर?"

"चोर कसले काका! आम्हाला माहीत नसलेले, एवढंच. राहतं घर स्वतःचं आहे का? तारण ठेवता येईल."

"भाड्याचं आहे."

"एखादी ठेव?"

"होती. हिच्या आईच्या ऑपरेशनला गेली." मग सवयीने तो म्हणाला, "तेही बिल रोखच भरलं."

बाईंनी फाईल मिटून लेकीपुढे सरकवली.

बाहेर फुटपाथवर तो लेकीच्या मागून चालत राहिला. "मी आता घेतो ना एखादं कर्ज. फेडून दाखवतो की त्यांना!"

"त्याला वर्षं जातात बाबा. घर विकणारा या महिन्याअखेरपर्यंतच थांबणार आहे."

"मग मी काय करू, ते तरी सांग."

"काही नाही. चला घरी, ऊन लागतंय." तिने त्याचा हात धरून रस्ता ओलांडला. ती लहान असताना तो तिचा धरायचा तसा. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

घरी आईने दोघांचे चेहरे पाहिले आणि ती पाणी आणायला आत गेली. लेक चपला काढायला पडवीत वळली आणि तिथेच थांबली. एका कपाटावरची चादर घसरली होती. नवंकोरं कपाट, पॉलिशचा वास अजून ताजा. पाठीची एक बाजू तिरकी कापलेली.

तो कोपरा तिने लगेच ओळखला. ती घेत असलेल्या घराच्या स्वयंपाकघरातला. "वेडा कोपरा आहे, तयार कपाट बसायचं नाही इथे," असं बाबा घर बघताना म्हणाले होते आणि वितीने माप घेत उभे राहिले होते. बाजारात तुरी अन् भट भटणीला मारी, असं आईने तेव्हाच बजावलं होतं. पण ऐकतो कोण?

तिने वरच्या फळीला हात लावला. टाचा न उचलता तिचा हात पोचला.

"गिऱ्हाइकाचं आहे ते," सुतार घाईने म्हणाला.

ती वळली नाही. फळीवरून हात फिरवत राहिली. "छान झालंय. पैसे दिले का गिऱ्हाइकाने?"

त्याने चादर उचलली, झटकली, पुन्हा कपाटावर घातली. घसरू नये म्हणून टोकं नीट आत खोचली.

"नाही," तो म्हणाला. "उधार आहे."