बारा पुड्यांचं टेबल

कलामहोत्सवाची माणसं जागा बघायला आली ती सकाळी दहा वाजता. दहा वाजता आमच्या फूड सेंटरात चिटपाखरू नसतं. न्याहारीवाले उठून गेलेले, जेवणवाले अजून ऑफिसात. त्यांना वाटलं, वा, किती मोकळी जागा. पंख्याखालची आमची तीन टेबलं त्यांनी उचलून नेली आणि तिथे एकच लांबलचक टेबल आणून ठेवलं. भोवती बारा स्टुलं. दुपारी बारा वाजता जालान कम्बोजा रस्त्यावरच्या या सेंटरात उकळत्या सूपचा ट्रे धरून ज्याला कधी उभं राहावं लागलं नाही, त्याच माणसाच्या डोक्यात असली कल्पना येते.

पण तोंड उघडायची सोय नव्हती, कारण टेबल हिदायाचं होतं.

हिदाया म्हणजे शेजारच्या स्टॉलवरच्या मकचिक रोहायाची मुलगी; मकचिक म्हणजे मलय भाषेत मावशी. माझ्या चहाच्या काउंटरखाली बसून तिने पाढे पाठ केले, माझ्या कंडेन्स्ड मिल्कच्या रिकाम्या डब्यांवर पहिली चित्रं काढली. आता सव्वीस वर्षांची आहे आणि हे तिचं पहिलं मोठं काम. टेबलावर प्रत्येक स्टुलासमोर एकेक टिश्यूची पुडी. बघितलीत तर शपथेवर सांगाल की खरी आहे, वरचं प्लास्टिक चुरगळलेलंसुद्धा. पण होती भाजलेल्या मातीची, आणि गोंदाने घट्ट बसवलेली. सहा महिने भट्टीशी झटून तिने त्या बारा पुड्या केल्या होत्या. सगळ्या जातीधर्माच्या माणसांनी यावं आणि एका टेबलावर जेवावं, असा त्यामागचा अर्थ होता. मी तिला म्हटलं, पोरी, ते तर आम्ही रोज करतो, कारण दुसरी जागा नसते. ती हसली आणि म्हणाली, अक्का, तेच तर दाखवायचंय.

शनिवारी एक वाजता महोत्सवाच्या मॅडम यिप दोन परीक्षक घेऊन येणार होत्या. टेबलावर माणसं जेवताना दिसली तर टेबल आणि हिदाया वर्षभर शहरातल्या सेंटरांतून फिरणार. नाही दिसली तर टेबल गोदामात, आणि हिदाया सोमवारपासून विमा कंपनीत. ते रुजू होण्याचं पत्र मकचिकनेच कुणाच्या तरी हातापाया पडून मिळवलं होतं आणि स्टॉलवर मिरच्यांच्या बरणीखाली दाबून ठेवलं होतं. हिदायाला रोज दिसेल असं.

बुधवारी बारा वाजले आणि गर्दी आत शिरली. ऑफिसवाले, बांधकामावरचे, शाळेच्या बाया, डायलिसिस करून परतणारे म्हातारे. पाच मिनिटांत सेंटर गच्च. माणसं ट्रे घेऊन भिंतीला लागली.

बारा स्टुलं मात्र रिकामी.

लोक टेबलापर्यंत यायचे, पुडी बघायचे आणि वळायचे. एक नाही, दोन नाही, शेकडो. या शहरात जागा धरायला माणूस टेबलावर नवाकोरा फोन सोडून नूडल्सच्या रांगेत जातो, नाहीतर टिश्यूची पुडी ठेवून; पुडी असेल तर मग विचारायलाच नको. पुडी आहे म्हणजे माणूस आहे. नवऱ्याच्या जागी दुसरा बसला तर बायको चालवून घेईल एखादवेळेस, पण पुडीच्या जागी दुसरा बसलेला मी तीस वर्षांत पाहिला नाही. आणि हे हिदायाला माहीत नव्हतं? याच पुड्यांच्या मध्ये ती वाढली. तिला वाटलं होतं, लोक पुडी ओळखतील, हसतील आणि बसतील. लोकांनी पुडी ओळखली. इथपर्यंत बरोबर होतं.

खांबावर पाटी होती, 'या, बसा' अशी. चार ओळींचं इंग्रजी, मुंगीच्या अक्षरात. ती वाचायला ट्रे घेऊन कोण थांबणार?

गुरुवारी अफवा सुरू झाल्या. बारा जागा दोन दिवस धरून ठेवणारा हा कोण मातब्बर? कुणी म्हणालं मंत्री येणार आहेत. कुणी म्हणालं लग्नाचं वऱ्हाड. समोरच्या स्टॉलवर मासळीच्या गोळ्यांचे नूडल्स विकणारा अंकल बून केंग फार विचार करून म्हणाला की ही जागा मेलेल्यांसाठी आहे. मी म्हटलं, अंकल, भुतांच्या महिन्याला, म्हणजे तुमच्या पितृपक्षाला, अजून तीन महिने आहेत.

"लवकर आले असतील," तो म्हणाला. "नंतर जागा मिळत नाही."

आणि खुशाल जाऊन त्याने टेबलाच्या टोकाला एक संत्रं ठेवलं. दुपारपर्यंत सात संत्री, दोन केळी आणि शेंगदाण्याची एक चिक्की जमली. एका आजीने उदबत्ती लावली. हिदाया माझ्या काउंटरमागे उभी राहून ते बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता की रडावं की संत्रं खावं ते तिला कळेना.

शुक्रवारी मी ठरवलं की बस झालं. कुणीतरी पहिला बसला की बाकीचे बसतील, मेंढरं आहोत आपण सगळे. भर गर्दीत मी माझा ओढीचा, मगातून मगात ओतून फेसाळलेला चहा घेतला, टेबलाच्या मधोमध जाऊन बसले आणि मोठा घोट घेतला.

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. मग शाळेच्या एका बाईंनी मला शिकवायला घेतलं. वयाने मोठ्या दिसता, म्हणाल्या, दुकानही तुमचंच दिसतंय, निदान तुम्ही तरी. मी म्हटलं, अहो, ही पुडी मातीची आहे, बसण्यासाठीच आहे. त्या म्हणाल्या, माती असो की सोनं, ठेवली तर कुणीतरी ना? मागून एकजण म्हणाला की टॅक्सीच्या रांगेतही ही बाई घुसत असणार. मी त्याला माझ्या आईच्या भाषेत उत्तर दिलं, ते इथे लिहीत नाही. पण खरा घाव पुढे होता. मकचिक रोहाया पळी हातात घेऊन स्टॉलमधून बाहेर आली आणि माझ्या कानाशी वाकून म्हणाली, "अक्का, ऊठ. लोक बघतायत."

"तुझ्या पोरीचं टेबल आहे हे, बये."

"माहितेय. ऊठ."

मी उठले. मला स्वतःचीच लाज वाटत होती, आणि लाज वाटते म्हणून संताप येत होता.

तेवढ्यात शिंका आलेल्या एका गृहस्थाने कुणाचं लक्ष नाही असं बघून एका पुडीतून कागद ओढायचा प्रयत्न केला आणि नख मोडून घेतलं. झालं. पुडी चिकटवलेली आहे, ही बातमी तव्यावरच्या पाण्यासारखी तडतडत पसरली. आतापर्यंत लोकांना वाटत होतं की कुणीतरी हावरट आहे. आता कळलं की हावरटाने गोंदही वापरलाय. कुणीतरी फोटो काढून इंटरनेटवर टाकला. खाली लिहिलं, तीन दिवस, बारा जागा, निर्लज्जपणाची हद्द. संध्याकाळपर्यंत तीन हजार लोकांनी त्या अनोळखी माणसाला शिव्या दिल्या. हिदायाने त्या सगळ्या वाचल्या. शहरात एकाही कलाकाराच्या कामावर इतकं कुणी बोललं नसेल, पण हे सांगायची ती वेळ नव्हती.

शटर ओढायच्या आधी ती बून केंगपाशी गेली. म्हणाली, अंकल, उद्या एक वाजता तुम्ही नुसते पाच मिनिटं बसा. तुम्ही बसलात तर लोक ऐकतील.

बून केंगने विळीसारखी आपली ती लांब सुरी पुसली, जागेवर ठेवली, पुन्हा उचलून पुसली. "पोरी," तो म्हणाला, "तू माझा जीव मागितलास तर देईन. दुसऱ्याच्या जागेवर बसणार नाही."

मकचिकने बरणीखालचं पत्र काढलं, त्यावरचा मिरचीचा डाग बोटाने पुसला आणि हिदायाच्या पिशवीत घातलं.

शनिवारी एकला पाच मिनिटं असताना मॅडम यिप आल्या. पांढरा कडक शर्ट, गळ्यात जाडजूड मणी, मागे दोन परीक्षक. बाहेर ऊन असं होतं की अर्धा मोहल्ला आत. दर शनिवारी गाणारा म्हाताऱ्यांचा क्लब कोपऱ्यात कराओकेचं मशीन लावून बसला होता, आणि एक आजोबा प्रेमभंगाचं गाणं इतक्या आनंदाने गात होते की त्यांचा प्रेमभंग झाला ते बरंच झालं असं वाटावं. मॅडमनी आधी टेबलाकडे पाहिलंच नाही. त्यांना भूक लागली होती. रांग धरून त्यांनी बून केंगचे नूडल्स घेतले, वाटी काठोकाठ भरलेली, ट्रे दोन्ही हातांत, आणि त्या जागा शोधायला निघाल्या.

सरळ टेबलाकडे आल्या.

माझ्या हातात चहाचे दोन मग होते, एकातून दुसऱ्यात ओतायचं थांबलं. मकचिकची पळी थांबली. बून केंगने सुरी खाली ठेवली. काउंटरपाशी उभ्या हिदायाने माझा पदर घट्ट धरला.

मॅडम यिप स्टुलापाशी पोचल्या. कंबर वाकवली. पुडी दिसली. त्या ताठ झाल्या, रिकाम्या स्टुलाकडे बघून हळूच "सॉरी" म्हणाल्या आणि वळल्या.

ज्या बाईने या टेबलाचं चित्र पास केलं होतं, खाली सही केली होती, भाषणात दोनदा त्याचं नाव घेतलं होतं, ती बाई भिंतीला लागून गरम सूपचा ट्रे धरून उभी राहिली. त्यांचे दोन परीक्षक त्यांच्या शेजारी. एकाच्या अंगठ्यावर रस्सा सांडला, तरी तो बसला नाही.

आणि हिदाया हसायला लागली. आधी नाकातून, मग पोटातून, मग माझ्या काउंटरवर डोकं टेकून. मला वाटलं पोरगी गेली हातची. पण ती तशीच हसत बून केंगकडे गेली, त्याची ती सुरी मागितली नाही, घेतली, आणि टेबलापाशी जाऊन पहिल्या पुडीखाली घातली. टक्. पुडी सुटली, कोपऱ्याचा टवका उडाला. सहा महिन्यांचं काम. मकचिकने तोंडावर हात ठेवला.

हिदाया भिंतीपाशी गेली आणि ती पुडी मॅडमच्या ट्रेवर ठेवली.

"मॅडम, ही तुमची."

मॅडमनी पुडीकडे पाहिलं, हिदायाकडे पाहिलं. मग टेबलापाशी जाऊन पुडी ठेवली, तिच्यामागे ट्रे ठेवला आणि बसल्या. कुणी हूं की चूं केलं नाही. कशाला करेल? पुडी त्यांची होती.

टक्, दुसरी. टक्, तिसरी. आता लोकच हात पुढे करू लागले. शाळेच्या बाईंनी पुडी घेतली आणि मला जराही न ओळखता माझ्यासमोरून गेल्या. नख मोडलेल्या गृहस्थाने दोन मागितल्या, त्याला एकच मिळाली. बांधकामावरच्या एका तामीळ पोराने हेल्मेट काढून पुडी दोन्ही हातांत घेतली, प्रसाद घ्यावा तशी. उदबत्तीवाली आजी बसली आणि तिने पहिल्यांदा भुतांचं एक संत्रं सोलून शेजारच्या परीक्षकाला दिलं. कोपऱ्यातले आजोबा गाणं मध्येच सोडून माईकसकट आले, त्यामुळे पुढची पाच मिनिटं त्यांचं नूडल्स ओढणं सगळ्या सेंटरला ऐकू येत होतं. बारावी पुडी हिदायाने बून केंगच्या हातात दिली. गेल्या तीस वर्षांत भर दुपारी स्टॉल सोडून बसलेला मी त्याला पाहिला नव्हता. तो बसला, आणि मकचिकने त्याच्यासमोर नारळाच्या रश्शातली लोन्तोंग, भाताच्या वड्यांची, आणून आदळली.

तेरावा माणूस आला, त्याला पुडी उरली नव्हती. मी माझ्या काउंटरवरची कागदाची दिली. तो कुठे बसला ते विचारू नका, पण बसला.

जेवण झाल्यावर मॅडम यिपनी हनुवटीवरचा रस्सा पुसायला पुडी उचलली, ती मातीची आहे हे आठवून थांबल्या, आणि मग त्यांनाही हसू आलं. वर्षभराचं पक्कं, त्या म्हणाल्या, पण किती पुड्या करू शकशील? हिदाया म्हणाली, हव्या तितक्या, पण टेबल परत न्या. आमची जुनी तीन आणून द्या, तिथे सहा माणसं जास्त बसतात. हे ऐकून मला तिचा मुका घ्यावासा वाटला.

मकचिकने पोरीच्या पिशवीतून पत्र काढलं, घडी घातली आणि डुगडुगणाऱ्या स्टुलाच्या पायाखाली सारली. स्टूल आता डुगडुगत नाही.

बारांपैकी एकही पुडी परत आली नाही. सगळ्यांनी नेल्या, मॅडमनीसुद्धा. आता त्या शहरभर फिरतायत. परवा माझी सुट्टी होती म्हणून मी नदीपलीकडच्या सेंटरात जेवायला गेले. भर गर्दी, हातात ट्रे, पाय दुखतायत आणि समोर एकच रिकामं स्टूल. त्याच्यापुढे पुडी. कोपऱ्याचा टवका उडालेली. मी उचलून पाहिली. जड होती.

ती जिथे होती तिथे ठेवली, सॉरी म्हटलं आणि भिंतीला जाऊन उभी राहिले.