शेवटचा हात

"पहिला हात माझा!"

"कालही तूच होतास. सरक मागं!"

सातवीच्या वर्गात मडक्यावरून हाणामारी व्हायची वेळ आली होती. मडक्यात सहा बिया, दोन काळ्या नि चार पांढऱ्या. काळी निघाली की जिंकला. गुरुजींनी दोन दिवस हाच खेळ चालवला आणि शेवटी फळ्यावर मांडून दाखवलं, की पहिल्यांदा काढा नाहीतर शेवटी, काळी मिळायची शक्यता सारखीच, तीनात एक. पोरांना ते काही पटेना. पटलं फक्त मोजणीला. दिसेल ते मोजत सुटायची, म्हणून तिचं नावच मोजणी पडलं होतं.

घरी येऊन तिनं बापाला सांगितलं. उद्याच पाण्याच्या चिठ्ठ्या होत्या. तलावात दोन शेतांपुरतं पाणी उरलेलं आणि मागणारे सहाजण. म्हणून मडक्यात सहा चिठ्ठ्या, पाण्याच्या दोन फुली मारलेल्या, बाकी कोऱ्या. मोजणीच्या घरचा कोबी नुकता गड्डा धरत होता. आठवड्यात पाणी मिळालं नाही, तर गुरांपुढं टाकायचा. बाप दरवेळी पहिला हात घालायला धावायचा, आणि मागच्या खेपेला त्यात त्याचा सदरा फाटला होता.

"धावू नका बाबा. शेवटी काढलं तरी तेवढंच."

"नक्की?"

"फळ्यावर सिद्ध झालंय."

दुसऱ्या दिवशी बाप हाताची घडी घालून सगळ्यांच्या मागं उभा राहिला. "काढा, काढा तुम्ही. आमच्या पोरीचा हिशेब आहे!" लेकीचं कोण कौतुक त्याला!

पहिली चिठ्ठी सुतारानं काढली. फुली. दुसरी शेजारच्या काकूंनी. तीही फुली. झालं, खेळ संपला. बाकीचे कपडे झटकत उठले. बाप मात्र पुढं आला, मडक्यात हात घातला आणि एक चिठ्ठी उघडून बघितली. कोरीच असणार होती, कोरीच निघाली.

"शाळेनं पाणी पाजलं की रे तुला!" सुतार म्हणाला आणि सगळे खो खो हसले. मोजणीला वाटलं, जमीन दुभंगावी.

ती तडक गुरुजींकडे गेली. "चुकलं कुठं, गुरुजी?"

"कुठंच नाही गं. पहिला हात घातला असता, तरी तीनात एकच."

"ते मला कळतं. बाबांना काय सांगू?"

बिचाऱ्या गुरुजींनी बियांचं मडकंच तिच्या हातात दिलं.

आठवडाभर तिनं एकटीनं सहाजणांचे हात करून साठ वेळा खेळ मांडला. शेवटच्याला एकवीस वेळा काळी मिळाली, जवळपास तीनात एक. वही घेऊन ती शेतात धावली. बाप बांधावर बसला होता. कोबीची पानं माना टाकून पडली होती.

त्यानं वही घेतली, एकेक ओळ बोट लावून वाचली. रागावला असता तर तिला बरं वाटलं असतं.

"बरोबर आहे तुझं," तो म्हणाला. "पण आपल्याला एकदाच काढायची होती गं."

मग विळा घेऊन तो उठला, आणि वही बांधावर ठेवून ती त्याच्या मागं गेली.