मावशींचा पुठ्ठा

पाच देश मिळून एक अवाढव्य दुर्बीण बांधणार होते. पाच देशांचं चहाच्या सुट्टीवर एकमत होताना मारामार, तरी आरशाचं ठरलं होतं: पाचशे षट्कोनी तुकडे, प्रत्येकाखाली एक तिवई. त्या तिवयांचं काम आपल्या देशाला मिळावं म्हणून आपला गटप्रमुख तीन वर्षं जिवाचं रान करत होता. आज बैठकीत निकाल होता. जरा चूक दिसली की काम पळवायला दोन देश टपलेलेच होते, आणि अशा दिवशी मावशी पुठ्ठे घेऊन आल्या होत्या.

मावशी म्हणजे आराखडे काढणाऱ्या बाई. अंबाड्यात कायम पेन्सिल खोचलेली. गटप्रमुखाला पहिली रेघ त्यांनीच मारायला शिकवली होती. संगणकावर जोड कितीही चोख बसो, पुठ्ठ्याचा करून हातात घेतल्याशिवाय त्या सही करत नसत. या वेळी आरसेवाल्या देशालाही त्यांनी पुठ्ठा कापून आणायला लावलं होतं. पाहुणे हसले, पण घेऊन आले.

मावशींनी पुठ्ठ्यावर पुठ्ठा ठेवला. तीन भोकं जुळली. चौथं, खुंटीचं, भलत्याच बाजूला गेलं.

गटप्रमुखाने टपलेल्या दोन देशांकडे पाहिलं. तेवढ्यात आरसेवाला इंजिनिअर ओशाळून म्हणाला, "आमचंच चुकलं असेल." गटप्रमुखाला हायसं वाटलं.

"तुमचं नाही, माझं चुकलं," मावशी म्हणाल्या. "करारात आराखडा वरून, आकाशाच्या बाजूने काढायचं ठरलंय. मी खालून काढला, म्हणून डाव्याचं उजवं झालं."

"मावशी, हे नंतर बोलू या ना," गटप्रमुख कुजबुजला.

"नंतर कधी रे? तिवया तयार झाल्यावर?" मग त्या सगळ्यांकडे वळल्या. "चाळीस वर्षं मी पाना घेऊन उभ्या असलेल्या माणसाच्या जागेवरून बघतेय. करार वाचला होता, पण हात आपल्या वळणावर गेला."

बैठकीच्या अध्यक्षबाई परदेशी होत्या, मोठ्या शिस्तीच्या. त्यांनी पुठ्ठा उचलला, डोक्यावर धरला आणि मान वर करून खालून पाहिला.

"आरसा बसवणारा इथेच उभा असणार," त्या म्हणाल्या. "मग आपण सगळे आकाशात काय करतोय?"

तिवया गटप्रमुखाकडेच आल्या. वर नवा नियम झाला: जोड आधी पुठ्ठ्यात, आणि प्रत्येक आराखड्याच्या कोपऱ्यात पानेवाल्या माणसाचं छोटं चित्र, बघणारा कुठे उभा आहे ते दाखवणारं. गटप्रमुखाला स्वतःची लाज वाटली, आणि मावशींचा त्याहून जास्त अभिमान वाटला.

वर्षाअखेर मावशी निवृत्त झाल्या. पुढच्याच महिन्यात इतर चार देशांचे आराखडे आले. गटप्रमुखाने एकेक माप तपासलं. सगळी बरोबर होती. तरी त्याने सगळेच परत पाठवले, एकच शेरा मारून: कोपऱ्यातल्या माणसाला अंबाडा हवा.

आठवड्याभरात ते दुरुस्त होऊन आले. आरसेवाल्यांनी तर अंबाड्यात पेन्सिलही खोचली होती.