परक्या आईची कबर

हाज्जा इकबालचं नाव काढलं की आजही माझ्या तळपायाची आग मस्तकात जाते. आमच्या दुमियात शहरात लोकांना ती संत वाटते. अनाथ मुलींचा आश्रम चालवते, हज करून आलीय, बोलते कशी तर अगदी साखरेत घोळून. नवरा गेल्यावर मला रिकामं घर खायला उठायचं, म्हणून मी तिच्याकडे मुली सांभाळायला लागले. पहिल्याच दिवशी तिच्या हाताचं चुंबन घेतलं होतं मी. मेला तो हात!

मुली डझनभर. दिवसभर ‘सनिय्यामावशी, सनिय्यामावशी’ करत मागे. त्यातली रगदा दहा वर्षांची, काटकुळी, तोंडाची फटकळ. वेणी घालताना जरा ओढलं गेलं की मलाच चार शब्द सुनवायची. बाकीच्यांना आपले आईबाप अपघातात गेले एवढंच ठाऊक होतं. रगदाला मात्र कबर होती. लहानपणी तिनं आईसाठी फारच रडारड केली, तेव्हा हाज्जानं तिला ती दाखवली म्हणे, आणि तेव्हापासून दर ईदला स्वतः घेऊन जायची. रगदा परत आली की बाकीच्या पोरी तिच्याभोवती गोळा व्हायच्या. दगड केवढा आहे, नाव कसं कोरलंय, खोदूनखोदून विचारायच्या. कपडे देणगीतले, खेळणी देणगीतली, वाढदिवससुद्धा सगळ्यांचा एकाच दिवशी. तिची एकटीची अशी ती कबरच काय ती होती, आणि त्याचा तोरा ती वर्षभर मिरवायची.

यंदा हाज्जाचा गुडघा धरला म्हणून मला पाठवलं. ईदच्या आदल्या दिवशी मयताच्या नावानं वाटायचे गोड पाव भाजले, तर रगदा माझ्या डोक्यावर उभी. बडीशेप अजून घाल, आईला आवडायची, म्हणाली. तुला कोणी सांगितलं, तर हाज्जानं. मी आपली घातली मूठभर.

सकाळी कबरस्तानात ही गर्दी. रगदा मला हाताला धरून गल्ल्यागल्ल्यांतून नेत होती, पाहुण्याला घर दाखवायला न्यावं तशी. दगडावर नाव होतं, दौलत अब्दुल बाकी. पोरीनं पाणी शिंपडलं, खजुरीच्या झावळ्या ठेवल्या, दोन्ही हात पसरून मयतासाठी म्हणतात ती फातिहा म्हटली. मग खाली बसून गप्पाच मारायला लागली. गणितात पहिली आले, ही नवी मावशी आलीय, वेणी घट्ट घालते पण बरी आहे. माझे डोळे भरून आले.

तेवढ्यात मागं एक जोडपं येऊन उभं राहिलं. पन्नाशीचा माणूस, हातात करंडी, बरोबर बायको. तुम्ही कोण, त्यानं विचारलं. मी म्हटलं, ही या पोरीची आई. तो आधी हसलाच. मग त्याचा चेहरा बदलला. त्याचं नाव ममदूह. दौलत त्याची आई, तो तिचा एकुलता एक मुलगा, इतकी वर्षं कुवेतला होता, आता कुठं परत आलाय. आम्हाला कोणी पढवून पाठवलं, घरात वाटा पाहिजे का, म्हणून त्यानं आवाज चढवला. मीही काही कमी नाही. तुझं घर घाल चुलीत म्हटलं, ईदच्या दिवशी पोरक्या पोरीवर खेकसतोस, लाज वाटत नाही? आजूबाजूची माणसं थांबून बघायला लागली.

आणि आमचं हे चाललेलं असताना रगदानं त्याची बाही धरली.

“मग तुम्ही माझे दादा का?”

बायकोनं तोंड फिरवलं. मग तो उकिडवा बसला आणि हळू आवाजात तिला म्हणाला, “पोरी, माझी आई गेली तेव्हा सत्तरीची होती गं.”

रगदानं बाही सोडली. पाव तिनं वाटले नाहीत. आमची पावांची करंडी तिथंच राहिली. मागं वळून न बघता ती माझ्या पुढं आश्रमाकडे चालत सुटली.

मी तिला तशीच धरून हाज्जाच्या खोलीत घुसले. हाज्जा गुडघ्यावर शेक घेत पडली होती. पोरीला बाहेर पाठव, म्हणाली. मी म्हटलं, नाही जाणार ती. कबर कोणाची ते आता हिच्यासमोर सांगायचं. हाज्जानं आढेवेढे घेतले, देवाची आण घातली, मी नोकर आहे याची आठवण करून दिली. मी हलले नाही. तेव्हा मग बोलली.

“सनिय्या, तू नवीन आहेस. फाटकाला लोंबकळून आईची वाट बघणाऱ्या पोरी मी पाहिल्यात. जेवायच्या नाहीत, झोपायच्या नाहीत. मेलेल्याची वाट कोणी बघत नाही. त्या कबरीवर कोणी फिरकत नव्हतं, दिली हिला. हिला रडायला जागा झाली, यात माझं काय चुकलं?”

आयुष्यात पहिल्यांदा मी तिला अगं-तुगं केलं. “दुसऱ्याची आई उचलून दिलीस? आणि बडीशेप? तीही तुझीच थाप का गं?”

आता हिची खरी हकीकत सांग, नाहीतर ईदच्या गर्दीत जाऊन मी बोंब ठोकते, म्हटलं. आणि ठोकली असती.

तेव्हा तिनं सांगितलं. रगदाला कोणी टाकलं नव्हतं. आई तिला स्वतः घेऊन आली होती, जन्मानंतर सातव्या दिवसाचं बारसं उरकल्यावर. डोळ्यांत काजळ घातलेलं, अंगावर नवं झबलं. कोवळी पोर होती, नवरा नव्हता, भावांच्या धाकानं थरथरत होती. हिचं नाव मी रगदा ठेवलंय, तेवढं बदलू नका, म्हणाली आणि गेली. त्यानंतर तिचा पत्ता नाही.

हे सगळं ठाऊक असून ही बाई पोरीला कबर दाखवत होती! मला तिच्या कानाखाली वाजवावीशी वाटत होती. पण रगदा पुढं झाली.

“ती जिवंत असेल?”

“अल्लालाच ठाऊक, बाळा.”

“मग मी जिवंत आईवर फातिहा म्हणत होते,” रगदा म्हणाली. “दर ईदला. तुम्ही शेजारी उभ्या राहून म्हणवून घेत होतात. माझ्याच तोंडून तिला मारत होतात.”

हाज्जा तिला जवळ घ्यायला गेली. रगदा मागं सरकून माझ्या अंगाला येऊन टेकली.

दाराशी सगळ्या पोरी जमल्या होत्या, ईदच्या नव्या कपड्यांत. किती वेळ ऐकत होत्या कोण जाणे. सगळ्यात धाकटी इन्साफ पुढं आली. दुधाचे दात पडलेले, त्यामुळे धड बोलताही येत नव्हतं तिला.

“आणि माझी? माझी खरंच मेलीय का?”

हाज्जानं माझ्याकडे पाहिलं. दार लावून घे, अशी डोळ्यांनी खूण केली.

मी दार सताड उघडलं आणि पोरींना आत घेतलं.

“सांग तिला,” मी म्हटलं.